पाण्यात पडलेल्या लेकराने काय करावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा पहिल्याने मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पन्नास माणसांच्या भाकरी थापायला सांगा, बिनतक्रार थापीन; पण उभे राहून बोलायचे म्हणजे माझे हातपाय गार पडतात. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही पोरांना पोहायला शिकवता, त्यावरच बोला." तेव्हा मला नाही म्हणता येईना. का, ते पुढे सांगते.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या एका सुनेने मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली, ती पुष्कळींना आठवत असेल. परदेशातले आठ-दहा महिन्यांचे मूल. अंगात कपडे, पायांत बूट. एक बाई ते मूल तलावात सोडते, ते खाली जाते, आणि मग आपले आपण उलटून पाठीवर येते व तोंड वर करून तरंगत राहते. आपण सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. ती सून मला म्हणाली, "काकू, आमचं बाळ नऊ महिन्यांचं झालं. आपल्या हौदात करून बघायचं का?" मी तिच्यावर फार रागावले. चार बायकांत बोलले, ते माझे चुकलेच. तिच्या मनात काही वाईट नव्हते. तिचे घर कालव्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मूल रांगायला लागले आहे. तिला काळजी वाटली, यात तिचे काय चुकले? आजचे हे बोलणे म्हणजे त्या दिवशी जे समजावून सांगायला हवे होते, ते आज सांगते आहे असे समजा.

आपला नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने काढला. वीरपासून निघून तो आपल्या शिवेतून बारामतीला आणि पुढे इंदापूरकडे जातो. त्याच्या जिवावर आपला ऊस उभा आहे, पोरांची लग्ने झाली, घरावर स्लॅब पडले. कालव्याला नावे ठेवण्याची माझी छाती नाही. पण एक गोष्ट आपण विसरतो. नदीला ओळख असते. ती उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते, हे पोरांनाही कळते. कालव्याचे तसे नाही. काल तळाला गुडघाभर डबके होते, पोरे खेकडे धरीत होती. आज आवर्तन सुटले की तोच कालवा काठोकाठ भरून चालला. वरून बघितले तर पाणी शांत. आत उतरले तर पाय ठरत नाही, काठ उताराचा, आणि त्यावर शेवाळ. बाहेर यायला धरायचे काय?

माझे माहेर इंदापूर तालुक्यात, याच कालव्याच्या खालच्या अंगाला. आम्ही पाच भावंडे, तिघे भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. दर उन्हाळ्यात आमचे चुलते भावांना मळ्यातल्या विहिरीवर नेत. पाठीला वाळलेल्या पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचे ढकलून. पहिले दोन दिवस रडारड, आठव्या दिवशी मुटके. आम्ही दोघी काय करीत असू? काठावर बसून त्यांच्या कपड्यांची राखण. मला पोहायचे आहे असे म्हणायचे आमच्या मनातही आले नाही, आणि आम्हाला शिकवावे असे कोणाच्याही मनात आले नाही. यात कोणी दुष्ट नव्हते. चुलत्यांचा तर आम्हा मुलींवर फार जीव.

१९८९ साली घटस्थापनेच्या आधी आम्ही गोधड्या धुवायला कालव्यावर गेलो. मी अकरा वर्षांची, धाकटी आठ वर्षांची. आई, चुलती आणि शेजारची एक बाई. गोधडी भिजली की किती जड होते ते तुम्हाला सांगायला नको. धाकटीने एका गोधडीचे टोक धरले होते. गोधडी धारेला लागली, ती सोडायची सोडून तिने धरून ठेवली, आणि ती घसरली.

भगिनींनो, ती ओरडली नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. बुडणारे माणूस "वाचवा, वाचवा" करून हात हलवते हे सिनेमात. खरे बुडणे मुके असते. तोंड पाण्याबरोबर वर येते, खाली जाते, श्वास घेण्यातच सगळा जीव जातो, मग ओरडायला वारा कुठून आणायचा? तिचे हात पाण्यावर थापटल्यासारखे होत होते आणि मान मागे गेली होती. मी काठावर उभी राहून हसले. मला वाटले, खेळते आहे. मोठ्यांच्या ध्यानात आले तोवर ती पाच-सहा हात पुढे गेली होती. आई आत उतरायला धावली, तिला चुलतीने कवेत धरून ठेवले, कारण आईलाही पोहता येत नव्हते. तिघी पट्टीचे पोहणारे भाऊ शाळेत होते. तिसऱ्या मोरीपाशी तिला बाहेर काढले.

त्या काठावर तीन बायका होत्या आणि तिघींच्या अंगावर सहावारी, नऊवारी लुगडी होती. पाच-सहा हातांवर पोर. पदर फेकायचे कोणाला सुचले नाही. सुचले असते तर तिला तो धरता आला असता की नाही, ते देव जाणे.

लग्न होऊन मी पणदऱ्यात आले. माझा मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा आमच्या ह्यांनी त्याला विहिरीवर नेऊन शिकवले. मुलीचे नाव कोणी काढले नाही, आणि आश्चर्य असे की मीही काढले नाही. मलाच पाण्याची इतकी दहशत बसली होती की हौदातून बादली भरतानाही मी कठडा घट्ट धरी.

आमच्या थोरल्या आत्याबाई म्हणजे ह्यांच्या चुलत्या, वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. त्यांचे माहेर नीरेकाठचे. मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा एक दिवस त्या मला म्हणाल्या, "तुला येत न्हाई म्हून पोरीलाबी येऊ द्यायचं न्हाई व्हय?" हे मला लागले. त्यांनी लहानपणी नदीत पोहणे शिकून घेतले होते. पाठीला वाळक्या भोपळ्यांची जोडी बांधून. म्हणाल्या, लुगड्याचा घट्ट कासोटा मारला की पाय मोकळे होतात, पुरुषांनी कशाला मिजास करावी!

अशा रीतीने मी पस्तिशीला पोहायला लागले. आमच्या मळ्यातल्या विहिरीला पायऱ्या आहेत. आत्याबाई पायरीवर बसून सांगत आणि मी कमरेला दोर, पाठीला तेलाचे रिकामे पाच लिटरचे दोन डबे बांधून, जुना सलवार-कुडता घालून पाण्यात. मला वाटले होते, हात असे मारा, पाय तसे मारा असे काही सांगतील. त्यांनी आठ दिवस हात हलवूच दिले नाहीत. पहिल्यांदा फुंकर. चुलीत फुंकणीने फुंकतो तसे तोंड पाण्यात घालून फुंकायचे, बुडबुडे काढायचे, तोंड वर करून श्वास घ्यायचा. मग उताणे पडणे. "डोकं मागं टाक. कान बुडू दे. पोट वर कर. आभाळाकडं बघ. आगं, पाणी उचलून धरतंय माणसाला. तूच डोकं वर काढायला जातीस आन् बुडतीस." ते शेवटचे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. माणूस घाबरला की डोके वर उचलतो, डोके वर गेले की कंबर खाली जाते, आणि कंबर खाली गेली की सगळा देह उभा होऊन खाली ओढला जातो. डोके मागे सोडून दिले की छातीतला वारा भोपळ्याचे काम करतो. मला हे जमायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी कान पाण्यात, वर विहिरीएवढे गोल आभाळ, आणि मी तरंगत होते. मी रडले. आत्याबाईंना वाटले नाकात पाणी गेले.

मुलीला त्यानंतर मीच शिकवले.

आता त्या चित्रफितीकडे येते. माझी भाची पुण्याला नर्सिंग शिकते, तिच्याकडून मी हे नीट समजून घेतले. तान्ह्या मुलांना पाण्यात पाठीवर उलटायला शिकविण्याची पद्धत अमेरिकेत फ्लॉरिडा प्रांतात १९६६ साली सुरू झाली. तिकडे घरोघर परसात पोहण्याचे तलाव, त्यात लेकरे पडत. त्यावर उपाय म्हणून. शिकविणारा माणूस वर्षभर त्याचेच शिक्षण घेतलेला नसला तरी चांगला तयार केलेला असतो. मुलाला रोज दहा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे शिकवितात. चित्रफितीत आपल्याला शेवटचा दिवस दिसतो, मधले महिना-दीड महिना दिसत नाहीत. आणि अमेरिकेतल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचे म्हणणे असे की, एक वर्षाच्या आतील मुलाला असे शिकवून त्याचे बुडणे टळते असा पुरावा नाही. एक वर्ष झाल्यावर शिकविल्याचा उपयोग होऊ शकतो, पण तेही मोठ्या माणसाचा हात पोचेल इतक्या अंतरावर. तान्हे मूल पाण्यात क्षणभर श्वास रोखते हे खरे. तो त्याचा जन्मजात गुण, काही महिन्यांत जातो. त्याला पोहणे म्हणत नाहीत. उलट असे मूल पाणी फार गिळते आणि त्याचे अंग पटकन गारठते.

म्हणून त्या सूनबाईंना सांगते: नऊ महिन्यांच्या बाळाला परातीत बसवा, तांब्याने डोक्यावरून पाणी घाला, पाण्याशी हसू द्या, खेळू द्या. एवढेच. हौदात सोडू नका.

मग एक ते चार वर्षांच्या मुलांचे काय? हीच तर फार अवघड वयाची. पाय फुटलेले असतात आणि अक्कल फुटलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतली जवळजवळ पाव पाच वर्षांच्या आतली होती. या वयाला पोहण्यापेक्षा राखण मोठी. आपल्या शेजारच्या बांगलादेशात, जिथे घरामागे पुष्करिणी असावी तशी डबकी-तळी आहेत, तिथे त्यांनी एक साधी गोष्ट केली. मुले बुडतात केव्हा, तर बहुतेक सकाळी ९ ते दुपारी १ च्या दरम्यान, आई कामात असते तेव्हा. मग गावातल्याच एका बाईच्या घरी त्या वेळात वीस-पंचवीस मुले सांभाळायची. या पाळणाघराला त्यांनी नाव दिले 'आंचल', म्हणजे पदर. त्यांनी केलेल्या तपासणीत असे दिसले की या मुलांतले बुडून मरणे शंभरात ऐंशीहून जास्त घटले. नाव ऐकून माझ्या पोटात कालवले. चार-पाच वर्षांवरच्या मुलांना ते गावच्याच तळ्यात बांबूचा मांडव उतरवून त्यात पोहायला शिकवितात. परीक्षा काय, तर २५ मीटर पोहणे, अर्धा मिनिट तरंगणे, आणि काठावरून दुसऱ्याला काढणे. त्या शिकलेल्या मुलांतले बुडणे शंभरात नव्वदांहून जास्त घटले. तलाव बांधला नाही, काही नाही.

आपल्याकडे अंगणवाडी तीन वर्षांपासून. दोन वर्षांच्या पोराला कोण बघते? आणि कारखाना सुरू झाला की कालव्याच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडतात. आईबाप पहाटे फडात जातात, आणि सात वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या भावाला सांभाळते. ती मुलेही कालव्याच्याच काठची. हे मी मंडळापुढे केवळ मांडून ठेवते.

आता आमच्या शिकवणीचे सांगते. दोन उन्हाळे आम्ही ती चालविली. विहीर लहान मुलांना नको, असे मी पहिल्यापासून ठरविले. खोल पाण्यात शिकविणाराच घाबरा असतो. आपल्या एका सभासद बाईंच्या मळ्यात सिमेंटचा मोठा हौद आहे, त्यात अडीच फूट पाणी भरले. दर दोन दिवसांनी ते पाणी मक्याला सोडून नवे घेत असू, म्हणजे पाणीही वाया गेले नाही आणि मक्याच्या मालकाची तक्रारही नाही. वेळ सकाळी दहाची, कारण त्याआधी पाणी गार. पहिल्या वर्षी अकरा मुले आली, चार ते नऊ वर्षांची. त्यांत मुली किती? तीन. दुसऱ्या वर्षी सोळांत नऊ मुली आल्या. मधल्या काळात मी आणि आमच्या जाऊबाई घरोघर फिरलो. एका आजीबाईंनी विचारले, "पोरीच्या जातीला कशाला हे थेरं?" मी वाद घातला नाही. धाकटीची हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः नातीला घेऊन आल्या आणि हौदाच्या काठावर पदर सावरून बसल्या. कलकत्त्याची आरती साहा चार वर्षांची असताना नदीच्या घाटावर पोहायला शिकली, आणि १९५९ साली तिने इंग्लंडची खाडी पोहून ओलांडली. आशिया खंडातली ती पहिली बाई. आमच्या पोरींना खाडी ओलांडायची नाही, कालव्याचा काठ गाठायचा आहे.

शिकविण्याची रीत आत्याबाईंचीच. पहिले तीन-चार दिवस नुसती फुंकर. मग उताणे. एक हात मुलाच्या मानेखाली, एक पाठीखाली. रोज हात थोडा सैल करायचा, शेवटी एक बोट राहते आणि मग तेही काढायचे, पण मुलाला न फसवता, सांगून काढायचे. एकदा फसविले की ते मूल आठ दिवस मागे जाते. पहिल्या वर्षी माझ्याकडून ही चूक झाली आणि तो मुलगा वीस दिवसांत शेवटपर्यंत उताणा पडला नाही. जमले की काठावरून पडायचा सराव. पडले की पहिल्यांदा पाठीवर ये, श्वास घे, मग ज्या काठावरून पडलास त्याच काठाकडे वळ. समोरचा काठ जवळ दिसतो, तो फसवा. वाहत्या पाण्यात पडलास तर धारेच्या विरुद्ध झगडू नकोस. उताणा हो, पाय पुढच्या बाजूला कर आणि तिरपा तिरपा काठाला लाग. आणि शेवटचे चार दिवस हे सगळे अंगावर शाळेचे कपडे घालून. कारण लेकरू कालव्यात चड्डीवर पडत नाही, गणवेशात दप्तरासकट पडते.

प्रत्येक लहान मुलामागे पाण्यात एक बाई. आणि काठावर एक बाई अशी की तिने फक्त डोकी मोजायची. तिने बोलायचे नाही, निवडायला भाजी आणायची नाही, आणि तिचा मोबाइल माझ्या पिशवीत. यावर थोडी कुरबूर झाली, ती मी ऐकून घेतली, पण मोबाइल दिला नाही.

आता एक गोष्ट लपविली तर मी अप्रामाणिक ठरेन. पहिल्या वर्षी शिकवणी संपल्यावर आठच दिवसांनी माझ्या धाकट्या दिरांची सहा वर्षांची मुलगी दुपारी घरातून नाहीशी झाली. सापडली ती कालव्याच्या पायरीवर, फ्रॉक काढून ठेवलेला. म्हणाली, "काकी, मला आता येतं की!" त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मुलांची भीती काढली होती आणि भीतीच्या जागी काही ठेवले नव्हते. अडीच फूट उभ्या पाण्यात तरंगता आले म्हणजे कालवा आला असे नव्हे. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी, पाण्यात पाय घालण्याआधी, आम्ही मुलांकडून म्हणवून घेतले की मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय पाण्याकडे जायचे नाही, आणि हे रोज म्हणवून घेतले. शिवाय एक दिवस सगळ्यांना कालव्यावर नेले, पाणी सुटलेले असताना, आणि काठावरून नारळाची करवंटी टाकली. ती किती पळते ते मुलांना आपल्या डोळ्यांनी बघू दिले. त्या दिवशी कोणी दंगा केला नाही.

घरातल्या पाण्याचे दोन शब्द सांगते. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड, त्यामुळे ते बादलीत वाकले की डोक्यावरच जाते आणि परत वर येत नाही. वीतभर पाणी पुरते. आमच्या शेजारी असे झाले आहे; आजीचे लक्ष गेले म्हणून मूल वाचले. कपडे धुऊन झाले की बादली पालथी घाला. जमिनीतल्या टाकीला झाकण, आणि झाकणावर जड दगड.

शेततळ्याची मला सर्वांत धास्ती वाटते. २०१६ साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' अशी योजना काढली, तेव्हापासून आपल्या भागात ती पुष्कळ झाली. चांगलीच झाली. पण तळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की लोण्यासारखा. त्यातून पट्टीचा पोहणारा गडीसुद्धा बाहेर येऊ शकत नाही, कारण नखही रुतत नाही. म्हणून आपल्या मालकांना सांगून चारी बाजूंना मजबूत मेखांना दोर बांधून आत सोडून ठेवा, दोराला हातभर अंतरावर गाठी मारा, आणि एक हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. भोवती कुंपण तर हवेच. दोराला फार तर दोन-तीनशे रुपये पडतील. पिकावर औषध मारायला आपण याच्या कितीतरी पट घालतो.

कोणी बुडताना दिसले तर आपण काय करायचे? उडी मारायची नाही. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघे जातात. काठावर पालथे पडून जे हाती असेल ते पुढे करायचे किंवा फेकायचे. बांबू, दोर, झाकण लावलेला रिकामा डबा, कळशी उपडी करून. आणि साडी. २०२० च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै येथील धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडू लागले. काठावर तीन बायका होत्या, कपडे धुऊन निघालेल्या. त्यांनी अंगावरच्या साड्या फेडून, गाठी मारून, फेकल्या आणि दोघांना ओढून काढले. दोघे गेले. तमिळनाडू सरकारने त्या तिघींचा शौर्याबद्दल गौरव केला. ही बातमी भाचीने मला वाचून दाखविली तेव्हा मी उठून चुलीपाशी गेले. तीन बायका, आणि काठ. लाजेचा विचार करायला त्यांनी वेळ घालविला नाही.

बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर काय करायचे, ते आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी आम्हाला बाहुलीवर शिकविले, आणि दरवर्षी त्या पुन्हा शिकवायला तयार आहेत. आपल्याकडे मुलाला उलटे धरून फिरवितात, पोट दाबून पाणी काढतात. त्या बाईंनी हात जोडून सांगितले की हे करू नका. त्यात वेळ जातो, आणि मेंदू श्वासावाचून चार-पाच मिनिटांतच बिघडू लागतो. मुलाला कठीण जागी उताणे निजवा, हनुवटी वर करून मान जराशी मागे करा, नाक दाबून तोंडाला तोंड लावून आधी पाच वेळा श्वास द्या. तान्हे असेल तर त्याचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि भराभर ३० वेळा दाबा, मग २ श्वास, पुन्हा ३०, पुन्हा २. तान्ह्याची छाती दोन्ही हातांनी कवळून दोन अंगठ्यांनी. एकीने हे करायचे, दुसरीने १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. आणि मूल खोकून शुद्धीवर आले, हसले-खेळले, तरी डॉक्टरांना दाखवायचेच.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरविला आहे. आमच्या घरी तो दिवस कोणाला ठाऊक नव्हता. घटस्थापनेच्या आधीचा आठवडा मात्र माझ्या आईने कधी चुकविला नाही. ती अजून गोधड्या घरीच धुते, दारात, बादलीने पाणी ओतून.

यंदाचा हौद अक्षय्यतृतीया झाली की भरायचा आहे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. वय चार वर्षे पूर्ण असावे, आणि कान फुटलेला असेल किंवा झटके येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारून. ज्या घरात मुलगा व मुलगी दोन्ही आहेत त्यांनी दोन्ही नावे द्यावीत, एकच द्यायचे असेल तर मुलीचे. मुलांसाठी अंग पुसायला पंचा आणि शाळेचा जुना गणवेश आणावा. आणि प्रत्येक आईने एक जुनी साडी आणावी, फाटकी चालेल. पहिल्या दिवशी मुले पाण्यात उतरायच्या आधी आपण बायकांनी काठावर उभे राहून ती गाठ मारून नेमकी फेकायला शिकायचे आहे. मला स्वतःला ती अजून सरळ फेकता येत नाही, वाऱ्याने डावीकडे जाते.